टपालघर घरी आणणारा प्रोग्राम : युडोराचा उदय, अस्त आणि उत्तरायुष्य

१/
२२ मे २०१८. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील ‘कम्प्युटर हिस्टरी म्युझियम’ने एका बंद पडलेल्या ईमेल प्रोग्रामचा संपूर्ण सोर्स कोड जगासाठी खुला केला. विंडोजवरील आवृत्तीच्या ८,६५१ फाइली आणि मॅकिंटॉशवरील आवृत्तीच्या १,४३३. त्यांसाठी संग्रहालयाने मालक कंपनीशी तब्बल पाच वर्षे बोलणी केली होती. प्रोग्रामचे नाव युडोरा. बारा वर्षांपूर्वी कंपनीने टाकून दिलेल्या वस्तूसाठी एका संग्रहालयाने एवढा खटाटोप का करावा? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर ‘आपली पत्रे नेमकी कोणाच्या घरी राहतात’ या जुन्या प्रश्नापाशी जावे लागते.

२/
आरंभ १९७१ पासून. अमेरिकेतील केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील ‘बीबीएन’ या संस्थेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने अर्पानेटवरील एका संगणकातून दुसऱ्या संगणकाकडे संदेश पाठवला. व्यक्तीचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्यामध्ये त्याने ‘ॲट’चे चिन्ह ठेवले. ते चिन्ह आजही टिकून आहे. पण त्या पत्त्याचा मूळ अर्थ आता विस्मृतीत गेला आहे : ‘अमुक व्यक्ती, अमुक यंत्रावर’. पत्र माणसाला मिळत नसे. ते माणसाचे खाते ज्या यंत्रावर असेल, त्या यंत्राला मिळत असे.

३/
ते यंत्र कोणाचे? विद्यापीठाचे, प्रयोगशाळेचे किंवा लष्कराचे. खोलीभर पसरलेला एक मोठा संगणक आणि त्याला तारांनी जोडलेले पडदे व कळफलक, अशी ती व्यवस्था होती. वापरणाऱ्याच्या टेबलावर केवळ पडदा असे, स्मृती नव्हे. पत्र वाचायचे तर मोठ्या यंत्रात ‘आत’ जायचे, वाचायचे आणि बाहेर पडायचे. खाते बंद झाले की पत्रेही गेली. पत्रव्यवहार करणारा माणूस, एका अर्थी, दुसऱ्याच्या वाड्यातील भाडेकरूच होता.

४/
१९८०च्या दशकात चित्र बदलू लागले. आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये आला, ॲपलचा मॅकिंटॉश जानेवारी १९८४ मध्ये. संगणक आता टेबलावर मावू लागला आणि त्याला स्वतःची डिस्क मिळाली. परंतु ईमेलची व्यवस्था मात्र मोठ्या यंत्रांचा काळ गृहीत धरून घडलेली होती. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मांडलेला ‘एसएमटीपी’ हा नियमसंच पत्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पोहोचवत असे. पण ते स्वीकारणारे यंत्र चालू आणि जोडलेले असणे त्याला अभिप्रेत होते. टेबलावरचा संगणक तर संध्याकाळी बंद होई.

५/
ही अडचण ज्या कल्पनेने सुटली, ती अगदी गावच्या पोस्टासारखी होती. घरी कोणी नसेल तर पोस्टमास्तर पत्र ठेवून घेतो. माणूस सवडीने येऊन घेऊन जातो. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉइस रेनॉल्ड्स यांनी या पद्धतीचा पहिला लेखी आराखडा प्रसिद्ध केला. त्याचे नावच ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’, संक्षेपाने ‘पॉप’. सदैव चालू असलेला सर्व्हर पत्रे धरून ठेवेल. छोटा संगणक जागा झाला की ती मागून घेईल आणि आपल्या डिस्कवर उतरवील. नियम तर तयार झाला. सामान्य माणसाला तो वापरता येईल असा प्रोग्राम मात्र अजून हवा होता.

६/
तो इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन येथील परिसरात जन्मला. संगणकाच्या इतिहासात या परिसराचे स्थान मोठे आहे. १९६० मध्ये सुरू झालेली ‘प्लेटो’ ही संगणकाधारित शिक्षणप्रणाली येथलीच. पुढे १९९३ मध्ये वेबला लोकांपर्यंत नेणारा ‘मोझॅक’ ब्राउझरही येथेच तयार झाला. मोझॅकचा उल्लेख पुढे पुन्हा येईल, कारण युडोराच्या अंताची बीजेही याच परिसरात पेरली गेली.

७/
या विद्यापीठाच्या संगणक सेवा विभागात स्टीव्ह डॉर्नर हे प्रोग्रामर म्हणून काम करीत. १९८८ च्या सुमारास त्यांनी मॅकिंटॉशसाठी ईमेल प्रोग्राम लिहायला घेतला. पहिली आवृत्ती उभी राहायला वर्षाहून अधिक काळ लागला; ‘सी’ भाषेतील सुमारे ५०,००० ओळींचे ते काम होते. आज्ञा पाठ करण्याची गरज नाही, टपालपेट्या पडद्यावर खिडक्यांसारख्या उघडतात, माउसने पत्र निवडता येते, हे आज सामान्य वाटते. त्या काळी विद्यापीठातील प्राध्यापकाला किंवा कारकुनाला संगणकतज्ज्ञाच्या मदतीवाचून पत्र धाडता येणे, हीच नवलाई होती.

८/
नावाची कथा साहित्यात रमणाऱ्यांना विशेष आवडेल. पोस्ट ऑफिस प्रोटोकॉलवर चालणाऱ्या प्रोग्रामसाठी नाव शोधताना डॉर्नर यांना महाविद्यालयात वाचलेली एक कथा आठवली. अमेरिकेच्या दक्षिणेतील मिसिसिपी राज्यातील लेखिका युडोरा वेल्टी यांची १९४१ साली प्रसिद्ध झालेली ती कथा. ‘मी पोस्टात का राहते’ असा तिच्या शीर्षकाचा अर्थ. कथेतील निवेदिका एका लहानशा गावाची पोस्टमास्तरीण आहे. घरच्यांशी बिनसल्यावर ती आपले सामानसुमान उचलते आणि थेट पोस्टातच बिऱ्हाड थाटते.

९/
डॉर्नर यांनी शीर्षक उलटे केले. पोस्टात राहायला जाण्याऐवजी पोस्टच राहत्या घरी आणायचे. प्रोग्रामचे ब्रीद ठरले : जिथे तुम्ही राहता, तिथे पोस्ट आणणे. आणि नाव ठरले लेखिकेचे. हा शब्दखेळ असला तरी त्यात तांत्रिक क्रांतीचे अचूक वर्णन होते. संस्थेच्या यंत्रात राहणारे पत्र आता माणसाच्या स्वतःच्या डिस्कवर मुक्कामाला येणार होते.

१०/
वेल्टी तेव्हा हयात होत्या. १९०९ साली जन्मलेल्या या लेखिकेला १९७३ मध्ये कादंबरीसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. जिवंत व्यक्तीचे नाव न विचारता वापरणे हा आगाऊपणाच झाला, अशी खंत डॉर्नर यांनी नंतर व्यक्त केली. स्वतः वेल्टी यांना मात्र या प्रकाराची गंमतच वाटली होती. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची एकही कथा न वाचलेले लक्षावधी लोक रोज सकाळी त्यांच्या नावावर क्लिक करीत होते.

११/
युडोराचे सामर्थ्य समजण्यासाठी त्या काळची जोडणी डोळ्यांपुढे आणावी लागते. घरातून इंटरनेट म्हणजे टेलिफोनची तार आणि मोडेम. जोडणी चालू तोवर फोन अडकलेला आणि बिलाचा आकडा वाढता. युडोरा फोन लावून आलेली पत्रे उतरवून घेई, लिहून ठेवलेली पत्रे रवाना करी आणि काम संपले की फोन मोकळा. वाचन, विचार, उत्तर लिहिणे, जुनी पत्रे चाळणे हे सारे जोडणीशिवाय. मिनिटाला पैसे मोजणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा होता.

१२/
पत्रे साठवण्याची पद्धत त्याहून महत्त्वाची ठरली. युडोरा प्रत्येक टपालपेटी एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवी, एकामागून एक पत्र, वहीत उतरवल्यासारखे. युनिक्सच्या जगात सत्तरच्या दशकापासून रूढ असलेल्या ‘एमबॉक्स’ या पद्धतीचाच हा अवतार. सोबत एक अनुक्रमणिकेची फाइल असे. ती बिघडली तर पुन्हा तयार करता येई. जोडून आलेल्या फाइली मात्र पत्रातून काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या जात. त्यामुळे पत्र राही आणि जोडपत्र हरवे, असेही पुढे अनेकदा घडणार होते.

१३/
विद्यापीठाने युडोरा मोफत वाटला. इंटरनेटवरून तो उतरवून घ्यावा आणि वापरावा. ना परवाना, ना बिल. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात त्याची कीर्ती पोहोचली. १९९१ मध्ये सॅन डिएगो येथील क्वालकॉम या कंपनीने इलिनॉय विद्यापीठाकडून त्याचे हक्क परवान्याने घेतले. १९८५ मध्ये अर्विन जेकब्स, अँड्र्यू व्हिटर्बी आणि सहकाऱ्यांनी स्थापन केलेली ही कंपनी बिनतारी संदेशवहनातली. ‘सीडीएमए’ या मोबाइल तंत्रासाठी तिचे नाव पुढे जगभर झाले.

१४/
मोबाइल तंत्राच्या कंपनीला ईमेल प्रोग्राम कशासाठी हवा होता? लोकांना इंटरनेटची सवय लागली, तर ते चालताबोलताही मिळावे असे त्यांना वाटेल. आणि मग बिनतारी जोडणीची मागणी वाढेल, असा कंपनीचा दूरचा हिशेब होता. शिवाय दूरसंचार क्षेत्राबाहेर कंपनीचे नाव पोहोचत होते, तो लाभ वेगळा. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, क्वालकॉमने डॉर्नर यांनाही नोकरीवर घेतले. मात्र ते सॅन डिएगोला गेले नाहीत. अर्बाना येथील आपल्या घरूनच काम करीत राहिले. घरी पोस्ट आणणाऱ्याने कार्यालयही घरी आणले होते.

१५/
सॅन डिएगोतील गटाने विंडोजसाठी युडोरा लिहिला. मॅकचा कोड त्यांनी जसाच्या तसा उचलला नाही. दोन्ही आवृत्त्या स्वतंत्रपणे वाढल्या, मॅकची ‘सी’मध्ये, विंडोजची ‘सी++’मध्ये. प्रारंभी क्वालकॉमनेही प्रोग्राम मोफत दिला. नंतर त्याची दोन रूपे झाली : मोफत ‘लाइट’ आणि विकत घ्यायचा ‘प्रो’. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर इंटरनेट घेणाऱ्या असंख्य घरांत आणि कार्यालयांत ‘ईमेल’ म्हणजे युडोरा, असे समीकरण रूढ झाले होते.

१६/
प्रोग्राम जसा वाढला, तशी त्यात सोयींची भर पडत गेली. पत्रे आपोआप योग्य पेटीत टाकणारे नियम, एकाच जागी अनेक पत्ते सांभाळण्याची सोय, साचेबंद उत्तरांचे कागद, वेगवान शोध. २००० साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत एक गमतीदार सोय होती. लिहिलेल्या पत्रातील भाषा तिखट वाटली, तर युडोरा त्यापुढे लाल मिरच्या दाखवी. जास्तीत जास्त तीन. रागाच्या भरात पत्र धाडण्याआधी क्षणभर थांबावे, हा हेतू.

१७/
निर्मात्याच्या पदरात काय पडले? विद्यापीठाचा पगारदार असताना लिहिलेल्या प्रोग्रामवर डॉर्नर यांचा वैयक्तिक हक्क नव्हता. प्रत्येक प्रतीमागे मानधन असाही काही प्रकार नव्हता. जानेवारी १९९७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांच्यावर लेख छापला, त्याच्या शीर्षकाचा सूर हाच होता : कीर्ती अफाट, संपत्ती नाही. सार्वजनिक विद्यापीठात निर्माण झालेली वस्तू खासगी कंपनीच्या हाती जाते तेव्हा तिचे भवितव्यही त्या कंपनीच्या हिशेबाशी बांधले जाते. हा धागा लक्षात ठेवावा.

१८/
भारतात या काळी काय घडत होते? १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या प्रकल्पाने आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे ‘एनसीएसटी’ यांना जोडले होते. सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, मुंबईत मुख्यालय असलेल्या विदेश संचार निगमाकडून. तेथे दोन प्रकारची खाती होती. स्वस्त ‘शेल’ खात्यात निगमच्या यंत्रात शिरून काळ्या पडद्यावर अक्षरे वाचायची. महागड्या ‘टीसीपी/आयपी’ खात्यात मात्र युडोरासारखा प्रोग्राम चालवून पत्रे घरी उतरवता येत. भाडेकरू आणि घरमालक हा भेद दरपत्रकातच उमटला होता.

१९/
मराठी लिहिणाऱ्यांपुढे वेगळाच पेच होता. परदेशस्थ मराठी मंडळी चर्चागटांवर आणि पत्रांतून रोमन लिपीत मराठी लिहीत; अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’सारख्या पद्धतीने त्या रोमन मजकुरातून देवनागरी छापता येई. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान मिळाले होते. पण मूळ युडोराला युनिकोडचा पुरता आधार अखेरपर्यंत मिळाला नाही. यूटीएफ-८ मधील देवनागरी पत्र उघडले, तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. पोस्ट घरी आले होते, परंतु पोस्टमास्तरला आपली लिपी वाचता येत नव्हती.

२०/
आता ऱ्हासाकडे. पहिला धक्का ब्राउझरकडून बसला. इलिनॉयच्याच परिसरात मोझॅक घडवणाऱ्यांपैकी मार्क अँड्रीसन यांनी नेटस्केप उभारण्यात पुढाकार घेतला आणि नेटस्केपच्या ब्राउझरमध्येच ईमेलची सोय आली. मग मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीसोबत ‘आउटलुक एक्सप्रेस’ दिला. विंडोज ९८ घेणाऱ्याच्या संगणकात तो आधीच बसवलेला असे. युडोरा अधिक चांगला होता की नाही, हा प्रश्नच गौण ठरला. नव्या ग्राहकाला ईमेल प्रोग्राम शोधायला जाण्याची गरज उरली नव्हती.

२१/
दुसरा धक्का अधिक खोल होता. ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. पत्रे पुन्हा दूरच्या यंत्रावर, वाचायची ब्राउझरमधून. वर्षअखेरीच्या आत नव्हे, पण दीड वर्षातच मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले. त्या वेळी मोफत टपालपेट्या दोन-चार मेगाबाइटच्या असत. जीमेलने एक गिगाबाइट दिले. जागा अपुरी म्हणून पत्रे घरी उतरवावीत, हे कारण एका दिवसात निकालात निघाले.

२२/
या बदलाकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. पोस्ट घरी आणायचे, तर आधी घर हवे. स्वतःचा संगणक, स्वतःची टेलिफोन जोडणी आणि त्यावरचे खाते ज्याच्याजवळ होते, त्यालाच युडोराचा उपयोग. शतकाच्या वळणावर पुण्या-नागपुरातील किंवा कोल्हापुरातील विद्यार्थ्याजवळ होते ते सायबर कॅफेतले तासाभराचे भाडे. त्याला वेबवरील मोफत टपालपेटीनेच आयुष्यातला पहिला ईमेल पत्ता दिला. भाडेकरू होणे हा त्याच्यासाठी तोटा नव्हता. तो प्रवेश होता.

२३/
क्वालकॉमनेही उपाय करून पाहिले. संपूर्ण प्रोग्राम जाहिरातींच्या बदल्यात मोफत वापरण्याचा पर्याय दिला. पैसे भरले की जाहिराती नाहीशा होत. पण मोबाइल तंत्रातून अमाप मिळकत असलेल्या कंपनीच्या हिशेबात ईमेल प्रोग्रामचे स्थान नगण्य होते. ११ ऑक्टोबर २००६ रोजी कंपनीने मोझिला फाउंडेशनसह घोषणा केली : यापुढील युडोरा मोझिलाच्या ‘थंडरबर्ड’ या खुल्या प्रोग्रामच्या पायावर उभा राहील. मूळ कोडच्या शेवटच्या आवृत्त्या त्याच दिवशी निघाल्या, विंडोजसाठी ७.१ आणि मॅकसाठी ६.२.४. मे २००७ मध्ये विक्री थांबली.

२४/
नव्या प्रकल्पाचे नाव ‘पेनेलोपी’. होमरच्या महाकाव्यात पतीची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या राणीचे हे नाव. युडोराचे निष्ठावंतही वाट पाहत राहिले. सप्टेंबर २०१० मध्ये ‘युडोरा ओएसई’ची पहिली पक्की आवृत्ती आली. परंतु ती होती थंडरबर्डच्या अंगावर चढवलेला युडोराचा अंगरखा. जुन्या वापरकर्त्यांच्या बोटांना सवय झालेले बारकावे त्यात सापडेनात. प्रकल्प पुढे सरकला नाही.

२५/
म्हणून अनेकांनी जुनाच युडोरा चालू ठेवला, दहा-दहा वर्षे. आपल्याच डिस्कवरचा प्रोग्राम कोणी दुरून बंद करू शकत नाही, हे त्याचे बळ. पण भोवतालचे जग हलत होते. ॲपलने आपल्या संगणकांतील प्रोसेसर बदलला आणि २०११ च्या ‘लायन’ प्रणालीत जुने प्रोग्राम चालवणारी सोय काढून टाकली; मॅकवरचा युडोरा तेथे थांबला. विंडोजवर सुरक्षित जोडणीचे नियम कडक होत गेले आणि जुना कोड सर्व्हरच्या दारात अडखळू लागला. कोड मिळाला असता, तर दुरुस्ती शक्य होती. तो कंपनीच्या कुलपात होता.

२६/
ते कुलूप उघडले २०१८ मध्ये. संग्रहालयाचे संस्थापक-अध्यक्ष लेन शुस्टेक यांच्या पुढाकाराने झालेल्या दीर्घ बोलण्यांनंतर क्वालकॉमने केवळ कोड पाहू दिला नाही. कोडचा मालकी हक्क, युडोरा हे व्यापारचिन्ह आणि इंटरनेटवरील नावे हे सारे संग्रहालयाला दिले. संग्रहालयाने कोड ‘बीएसडी’ परवान्याखाली खुला केला : कोणीही वाचावा, बदलावा, विकावाही. इतर कंपन्यांचे काही भाग वगळावे लागल्याने तो जसाच्या तसा चालवता येत नव्हता. तरीही स्वयंसेवकांनी त्यातून ‘हर्मीस’ नावाने पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले.

२७/
मराठी इतिहासाच्या वाचकाला यात काही ओळखीचे दिसेल. मराठ्यांची कागदपत्रे दोन ठिकाणी उरली. एक, पुण्याचे पेशवे दप्तर. ते सरकारच्या ताब्यात होते आणि त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंडांत प्रसिद्ध व्हायला १९३०चे दशक उजाडावे लागले. दुसरे, घराघरांतील रुमाल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड प्रसिद्ध झाले, ते मुख्यतः खासगी घरांनी जपलेल्या कागदांच्या जोरावर. घरांत वाळवीने खाल्लेलेही पुष्कळ गेले. पण सारे कागद एकाच मालकाच्या मर्जीवर नव्हते, म्हणून बरेच वाचले.

२८/
युडोराच्या पेट्यांचेही तसेच झाले. १९९५ मध्ये उतरवलेली पत्रे ज्यांनी एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हलवत जपली, त्यांना ती आजही साध्या मजकूर-संपादकात उघडता येतात. प्रोग्राम गेला तरी मजकूर वाचता येतो. याच काळात वेबवरील कित्येक मोफत टपालसेवा बंद झाल्या आणि ज्यांनी वेळेत प्रती घेतल्या नाहीत, त्यांची पत्रे सेवेबरोबरच गेली. उद्याच्या इतिहासकाराला एकविसाव्या शतकाच्या आरंभीचा खासगी पत्रव्यवहार मिळणार की नाही, हे कोणत्या कंपनीने काय ठेवले, यावर बव्हंशी ठरेल.

२९/
तरी एक वाट उघडी आहे. जीमेलमधील सारी पत्रे ‘गूगल टेकआउट’ या सोयीतून मागवली, तर ती हाती येतात एमबॉक्स फाइलीच्या रूपात. युनिक्सच्या आरंभकाळातील, युडोराने घराघरांत पोहोचवलेली तीच साधी पद्धत : एकामागून एक पत्र, वहीत उतरवल्यासारखे. देवनागरी मजकूरही त्यात संकेतरूपाने टिकतो आणि युनिकोड जाणणाऱ्या कोणत्याही टपाल प्रोग्राममध्ये पुन्हा वाचता येतो. आजी-आजोबांची पत्रे पेटीत जपणाऱ्या घरांनी वर्षातून एकदा ती फाइल उतरवून ठेवायला हरकत नाही.